दाटपणाचे माप: गिळण्याचा त्रास असणाऱ्यांना पेये दाट करून देताना

जेवताना कोणाला ठसका लागला की आपल्या घरांतून एक गोष्ट हमखास घडते. शेजारी बसलेले माणूस टाळूवर हलक्या चापट्या मारते, "वर बघ, वर बघ" म्हणते आणि पाण्याचा पेला पुढे करते. धडधाकट माणसाचे त्याने काही बिघडत नाही, कारण त्याचा खोकलाच मुळात भक्कम असतो. पक्षाघात होऊन गेलेल्या, पार्किन्सनचा विकार असलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हीच कृती उलटी पडते. मान मागे गेली की श्वासनलिकेचा मार्ग अधिक मोकळा होतो, आणि त्याच क्षणी आपण त्या माणसाच्या तोंडात जे ओततो ते पाणी त्याला गिळायला सर्वांत अवघड असते.

पाणी अवघड आणि मऊ भात सोपा, हे ऐकताना विचित्र वाटते. माझ्या सासूबाईंच्या पक्षाघातानंतर स्पीच थेरपिस्टने (बोलण्याबरोबरच गिळण्याच्या त्रासावरही उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने) हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा आम्हालाही ते खरे वाटले नव्हते. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेचे तोंड मिटते आणि अन्ननलिकेचे दार उघडते. हे सगळे एका सेकंदाच्या आत, ठरलेल्या क्रमाने व्हावे लागते. या हालचाली मंदावल्या की जिभेवरचे पाणी त्यांची वाट पाहत थांबत नाही, ते दार मिटण्यापूर्वीच घशात पोहोचते आणि तेथून फुप्फुसांकडे वळते. पेय दाट केले की ते सावकाश सरकते आणि मंद झालेल्या स्नायूंना तेवढी सवड मिळते. दाट पेयांमागचे तत्त्व एवढेच आहे. त्याची मर्यादाही त्यातच आहे: ज्यांचा त्रास दार उशिरा मिटण्याचा नसून घसा अशक्त किंवा कोरडा पडल्याचा आहे, उदाहरणार्थ तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेले रुग्ण, त्यांच्या घशात दाट पेय चिकटून राहते आणि श्वास घेताना मागाहून आत उतरू शकते. म्हणून पेय दाट करायचे की नाही, आणि करायचे तर किती, हा निर्णय घरी घेण्याचा नव्हे. स्पीच थेरपिस्ट रुग्णाला तपासून, गरज पडल्यास गिळण्याची क्ष-किरण चित्रफीत काढून किंवा नाकावाटे दुर्बीण घालून, तो ठरवतात.

तपासणीला कधी न्यावे, हे मात्र घरच्यांनाच ओळखावे लागते. पाणी पिताना वारंवार ठसका लागणे हे सर्वांना कळते. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होणे, जेवायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागणे, वजन उतरणे, छातीत कफ होऊन पुन्हा पुन्हा ताप येणे या खुणा सहज नजरेआड होतात. शिवाय काहींच्या घशाची संवेदनाच गेलेली असते. त्यांच्या फुप्फुसात पाणी उतरते आणि ठसका मुळीच लागत नाही. "त्यांना तर कधी ठसका लागत नाही" एवढ्यावर निर्धास्त राहू नये, असे मी कोणालाही सांगेन.

माप कशाने घ्यावे

आमच्या घरी पहिले दोन आठवडे जो गोंधळ झाला तो दाट पेय न देण्याचा नव्हता, तर प्रत्येकाच्या हाताला वेगळा दाटपणा येण्याचा होता. माझे पाणी पातळ ताकासारखे होई, यजमानांनी केले तर ते खिरीसारखे, आणि दिवसपाळीला येणाऱ्या मावशी "आजींना बाधायला नको" म्हणून दोन चमचे पावडर जास्तच घालत. कागदावर "मधासारखे दाट" असे लिहिलेले होते. पण मध म्हणजे कोणता? थंडीतला की उन्हाळ्यातला, बाटलीतला की पोळ्यातून पिळलेला? दाटपणा हा औषधाच्या मात्रेसारखा असतो, आणि मात्रा उपमेने सांगत नाहीत.

यासाठीच आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मापनपद्धती आहे. तिच्यात पेयांचे ० ते ४ असे पाच स्तर आहेत: ० म्हणजे साधे पाणी, १ किंचित दाट, २ थोडे दाट, ३ मध्यम दाट आणि ४ अतिशय दाट. थेरपिस्टकडून आकडाच मागून घ्यावा. त्यांनी नुसते "दाट द्या" असे सांगितले असेल तर संकोच न करता "कोणत्या स्तराचे?" असे विचारावे.

हा आकडा घरी तपासायला औषधाच्या दुकानातली १० मिलीलिटरची साधी सिरिंज पुरते. मात्र सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या लांबीच्या नसतात. या चाचणीसाठी शून्याच्या रेघेपासून १० मिलीलिटरच्या रेघेपर्यंतचे अंतर ६१.५ मिलिमीटर असावे लागते, ते पट्टीने मोजून घ्यावे. सुई लावू नये आणि दट्ट्या काढून टाकावा. सिरिंजचे टोक खालून बोटाने बंद करून तयार पेय १० च्या रेघेपर्यंत भरावे, बोट काढावे, घड्याळात दहा सेकंद मोजावेत आणि टोक पुन्हा बंद करावे. आत किती उरले ते पाहावे. १ मिलीलिटरपेक्षा कमी उरले तर ते साध्या पाण्यासारखेच आहे. १ ते ४ उरले तर स्तर १, ४ ते ८ उरले तर स्तर २ आणि ८ पेक्षा जास्त उरूनही थोडे गळले असेल तर स्तर ३. काहीच गळले नाही तर ते स्तर ४ चे किंवा त्याहूनही घट्ट झालेले असू शकते, तेव्हा काट्याचमच्याने पाहावे लागते. काट्यावर घेतलेले स्तर ३ चे पेय दात्यांमधून हळूहळू थेंबांनी किंवा तारांनी खाली येते. स्तर ४ चे काट्यावर ढीग होऊन बसते, खाली फार तर छोटी शेपटी लोंबते. तेच चमच्यात घेऊन चमचा तिरका केला की ते एकसंध घसरून पडले पाहिजे. चमच्याला चिकटून बसले तर ते घशालाही चिकटणार, हे ओळखावे.

चाचणी ज्या तापमानाला पेय प्यायचे त्याच तापमानाला करावी. प्रत्येक घोटाला सिरिंज काढण्याची गरज नाही. पावडरचा नवा डबा फोडला, कंपनी बदलली, एखादे पेय पहिल्यांदाच दाट केले किंवा नव्या माणसाने हाताळायला घेतले, की तेवढ्यापुरती ती करावी. आमच्या मावशींना मी शेवटी समजावणे सोडून दिले आणि त्यांच्याच हातात सिरिंज दिली. त्यांचे पाणी जागचे हललेच नाही. त्यानंतर त्यांनी एकही चमचा जास्त घातला नाही.

पावडर कोणती, आणि ती कशी मिसळावी

बाजारात थिकनर या नावाने मिळणाऱ्या पावडरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात: एक मक्याच्या प्रक्रिया केलेल्या स्टार्चच्या आणि दुसऱ्या झँथन गमच्या. स्टार्चची पावडर सहसा स्वस्त पडते, पण तिची एक खोड लक्षात ठेवावी लागते. ती घातलेले पेय ठेवून दिले तर अधिकाधिक घट्ट होत जाते, आणि त्यात लाळ मिसळली की उलट पातळ होऊ लागते, कारण लाळेतले अमायलेज हे द्रव्य स्टार्च फोडते. उष्टा चमचा पेल्यात पुन्हा पुन्हा बुडवत वीस मिनिटे पाजत बसले तर पेल्याच्या तळाचे पेय वरच्यापेक्षा कितीतरी पातळ झालेले असू शकते. झँथन गमवर लाळेचा हा परिणाम होत नाही, पाणीही बरेचसे स्वच्छ दिसते आणि एकदा आलेला दाटपणा टिकतो. परवडत असेल तर मी झँथन गमच घेईन. डब्यावरचे घटक वाचले की प्रकार कळतो.

घरातले कॉर्नफ्लोअर, तांदळाची पिठी किंवा आरारूट चालेल का, असे सगळेच विचारतात. ही पिठे शिजवल्याशिवाय दाट होत नाहीत, थंड झाल्यावर आणखी आवळतात आणि लाळेने पातळ होतात. साध्या पाण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. कढी, सार किंवा सूप यांना शिजवतानाच ती लावता येतात, मात्र वाढण्यापूर्वी सिरिंजची चाचणी चुकवू नये. सब्जा आणि इसबगोल यांच्या वाटेला अजिबात जाऊ नये. सब्जाचे बी घशात रेंगाळते, आणि इसबगोल पाणी शोषून घशातच फुगून अडकण्याचा धोका असतो.

मिसळण्याची रीत कंपनीगणिक बदलते, म्हणून डब्यावरच्या सूचना आधी वाचाव्यात. कोणी पावडर कोरड्या पेल्यात आधी घालून वर पेय ओतायला सांगते, कोणी ढवळत्या पेयात पावडर भुरभुरायला. दोन्हींत पेय मापाने घ्यावे, पावडर डब्यातल्याच चमच्याने सपाट भरून घ्यावी आणि काट्याने किंवा छोट्या रवीने लगोलग ढवळावे. नंतर थांबावे. पाण्याला बहुधा काही मिनिटे पुरतात, दुधाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. बहुतेकांची चूक येथेच होते: दूध अजून पातळच दिसते म्हणून आणखी एक चमचा पावडर पडते, आणि दहा मिनिटांनी पेल्यात खरवस तयार असतो. दाट झालेल्या पेयात वरून कोरडी पावडर घातली की गुठळ्या होतात, आणि गुठळी ही गिळण्याचा त्रास असणाऱ्याच्या दृष्टीने पेयात पडलेला खडाच. प्रमाण चुकले तर ते पेय टाकून नवे करावे.

चहाचे उदाहरण तपशिलाने देते, कारण सासूबाईंचा सगळा राग चहापाशी येऊन थांबे. पहिल्या दिवशीचा चहा त्यांनी एक चमचा घेऊन बाजूला सारला आणि "ही चहाची लापशी कोणी केली?" असे विचारले. पक्षाघातानंतरचे त्यांचे ते पहिले पूर्ण वाक्य होते. त्यांचे म्हणणे खरेच होते. पावडरने चव मंदावते, म्हणून दाट करायचा चहा नेहमीपेक्षा कडक करावा, आले-वेलदोडा थोडा वाढवावा आणि साखर आधीच विरघळवावी. तो बारीक गाळणीने गाळावा, पिण्याजोगा कोमट होऊ द्यावा आणि मगच मापाने पावडर घालावी. त्यानंतर पुन्हा उकळू नये. दुधावर साय धरली असेल तर ती काढून टाकावी, कारण साय टाळूला चिकटते आणि गिळताना वेगळी होऊन घशात जाते. चहात बिस्कीट बुडवून देणे बंद करावे. मऊ तुकडा आणि त्यातून निथळणारा पातळ चहा यांना एकाच वेळी आवरणे फार कठीण असते.

हाच नियम आपल्या स्वयंपाकातल्या कितीतरी पदार्थांना लागू पडतो. दुधातले पोहे, आमटीत कालवलेला सैल भात, शिते तरंगणारी पेज, फोडी असलेले सूप यांत पाणी आणि घन पदार्थ वेगवेगळ्या वेगाने घशात जातात. पेज मिक्सरमधून काढून गाळून घ्यावी. ताक दाट वाटले तरी थोड्याच वेळात त्याची निवळी वर येते, म्हणून त्यालाही थिकनर लागतो. सोलकढीचे तेच. कलिंगड आणि मोसंबी चावताच तोंडात रस सुटतो आणि तो रस पातळच असतो. आइस्क्रीम, कुल्फी आणि जेली चमच्यात घट्ट दिसतात पण जिभेवर वितळून पाणी होतात, त्यामुळे त्यांना दाट पेय समजू नये. भेटायला येणारी माणसे प्रेमाने शहाळे घेऊन येतात आणि आपल्यासमोरच रुग्णाच्या तोंडाला स्ट्रॉ लावतात. त्यांना दारातच सांगून ठेवलेले बरे. स्ट्रॉने घोट थेट घशाजवळ जातो, म्हणून थेरपिस्टने सांगितल्याशिवाय ती वापरू नये.

पाजताना

रुग्णाला पूर्ण जागे करून, पाठ सरळ ठेवून, शक्य असल्यास खुर्चीत पाय टेकवून बसवावे. अंथरुणावरच बसवायचे असेल तर पाठीमागे लोड आणि उशा अशा लावाव्यात की मान मागे कलणार नाही. तांब्यातून वरून धार सोडून पाणी पिण्याची सवय असणाऱ्यांनी ती कायमची सोडावी. पाजणाऱ्यानेही उभे राहून पाजू नये. आपण उभे असलो की रुग्ण आपल्याकडे पाहायला मान उचलतो. समोर किंचित खालच्या पातळीवर बसावे. एका वेळी लहान चमचाभर पेय द्यावे, कंठमणी वर जाऊन खाली आलेला पाहावा आणि तोंड रिकामे झाल्यावरच पुढचा चमचा न्यावा. मधूनमधून "आ" म्हणायला लावावे. आवाज ओला आला तर खोकायला आणि पुन्हा गिळायला सांगावे, आणि तरीही ओलाच राहिला तर थांबावे. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याची युक्ती काहींना उपयोगी पडते, काहींना अपाय करते. ती विचारूनच करावी. पाजताना टीव्ही बंद असावा. झाल्यावर किमान अर्धा तास आडवे करू नये. लुळ्या बाजूच्या गालात काही साचले आहे का ते पाहावे.

दात घासणे हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. फुप्फुसात उतरणाऱ्या थेंबाबरोबर तोंडातले जंतूही जातात आणि न्यूमोनिया बराचसा त्यांच्यामुळे होतो. दिवसातून दोनदा दात आणि जीभ घासावी, कवळी रात्री काढून धुऊन ठेवावी.

श्वास पूर्ण अडकला, आवाज किंवा खोकला फुटेनासा झाला तर पाणी पाजू नये. पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात, त्याने न सुटल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर झटका द्यावा, हे आलटून पालटून करत राहावे आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला लावावा.

पाणी कमी पडू देऊ नये

दाट पेयांचा खरा तोटा घशात नाही, पेल्यात दिसतो: पेला अर्धा भरलेला परत येतो. पावडर पाण्याला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही, हा समज चुकीचा आहे; पाणी आतड्यांत नीट शोषले जाते, पण तोंड चिकट होते, तहान भागल्यासारखी वाटत नाही आणि माणूस पिणेच कमी करतो. अमेरिकेत स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन असलेल्या ५१५ रुग्णांचा तीन महिने अभ्यास झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, हनुवटी झुकवून साधे पाणी पिणारे आणि दाट पेये घेणारे यांच्या न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही. शरीरातले पाणी कमी होणे, ताप आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हे मात्र दाट पेये घेणाऱ्यांत अधिक दिसले. यावरून कोणी आपल्या रुग्णाचे दाट पेय परस्पर बंद करू नये. पण "जितके दाट तितके सुरक्षित" ही समजूत मात्र काढून टाकावी. सांगितलेल्या स्तरापेक्षा दाट देणे हीही चूकच आहे.

दिवसाला किती पाणी जायला हवे ते डॉक्टरांकडून आकड्यात घ्यावे, कारण हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांचे प्रमाण वेगळे असते. तेवढे पाणी सकाळी एका जगमध्ये भरून ठेवावे, दिवसभराची पेये त्यातूनच करावीत आणि रात्री जगमध्ये काय उरले ते पाहावे. एकदम मोठा पेला पुढे न करता दीड-दोन तासांनी अर्धी वाटी द्यावी. लघवी गडद होणे, जीभ कोरडी पडणे, नवी सुस्ती किंवा नवे बरळणे दिसले तर डॉक्टरांना कळवावे. मधुमेह असल्यास पावडरमधली कर्बोदकेही हिशेबात धरावी लागतात, विशेषतः स्टार्चच्या पावडरीची. काही ठिकाणी तोंड स्वच्छ करून, जेवणाव्यतिरिक्तच्या वेळी थोडे साधे पाणी देण्याची सवलत थेरपिस्ट देतात. आपल्या रुग्णाला ती मिळू शकेल का, हे जरूर विचारावे.

औषधांबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. बद्धकोष्ठासाठी दिली जाणारी पॉलिइथिलिन ग्लायकोलची पावडर स्टार्चच्या थिकनरने दाट केलेल्या पाण्यात मिसळली की ते पाणी पुन्हा पातळ होते, आणि ते पातळ झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. हे रेचक चालू असेल तर डॉक्टरांना थिकनरचा प्रकार सांगावा. दुसरे म्हणजे, गोळी दाट पाण्याबरोबर दिल्यास काही औषधांचा गुण उशिरा येऊ शकतो, आणि सावकाश विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या तर कुटून देताच येत नाहीत. औषधांची सगळी यादी एकदा फार्मासिस्टपुढे ठेवावी. खोकल्याचे औषध आणि घरचा काढा ही पातळ पेयेच आहेत, हेही विसरू नये. तान्ह्या बाळांच्या दुधात मोठ्यांची पावडर कधीही घालू नये. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांमध्ये झँथन गमच्या एका थिकनरनंतर आतड्यांचा गंभीर विकार आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये तसा इशारा दिला होता.

दाट पेय एकदा सुरू झाले की ते वर्षानुवर्षे तसेच चालू राहते, असे पुष्कळ घरांतून घडते, कारण पुन्हा तपासणीची तारीख कोणी मागितलेलीच नसते. पक्षाघातानंतर गिळणे पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत बरेच सुधारू शकते, तर पार्किन्सनसारख्या विकारात ते पुढे बिघडत जाते. दोन्हींत स्तर बदलावा लागतो. रुग्णालयातून निघतानाच पुढची तारीख घ्यावी, आणि जाताना रोजच्या पाण्याची, तापाची आणि वजनाची वही बरोबर न्यावी. सासूबाईंची दुसरी तपासणी अकराव्या आठवड्यात झाली. थेरपिस्टने त्यांना सरळ बसवले, आधी दात घासून घेतले आणि अर्धा चमचा साधे पाणी दिले. त्यांनी ते गिळले, "आ" म्हटले, आवाज कोरडा होता. त्या दिवशी स्तर ३ चा स्तर १ झाला आणि चहाचे माप नव्याने काढावे लागले.